संगमरवर, गार्नेट आणि मँगनीज : विदर्भात स्कार्न आहे का?

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज बुद्रुकच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण फोडून खाली गेले की पुन्हा मऊ, सच्छिद्र थर येतो आणि त्याखाली परत पाषाण. हे सगळे थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे आहेत. विहिरीच्या मलब्यात पांढऱ्या चकचकीत गारा निघाल्या की गावात धातूची चर्चा होते. त्या गारा बहुधा झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी असतात. दिसायला सुंदर, पण धातूच्या दृष्टीने रिकाम्या. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग याच काळ्या पाषाणाने झाकलेला आहे आणि वाशिम जिल्हा त्यात पुरता बुडालेला आहे.

नागपूर ओलांडून रामटेक, मनसर, तुमसरकडे गेले की जमिनीचा सारा पोतच बदलतो. तिथे संगमरवर आहे, अभ्रकाचे शिस्ट आहेत, गारगोटीचे क्वार्टझाइट आहेत आणि त्यांच्यामध्ये मँगनीजचे काळे पट्टे आहेत. या पट्ट्यांत नारिंगी-तपकिरी गार्नेट आणि गुलाबी ऱ्होडोनाइट सापडते. चुनखडीजन्य खडक, गार्नेट, पायरॉक्सीन, बाजूला ग्रॅनाइट आणि पेग्मटाइट, आणि या सगळ्यांत धातू, अशी यादी जगातल्या कुठल्याही भूशास्त्रज्ञासमोर ठेवली तर तो विचारेल, ‘हे स्कार्न आहे का?’ हा प्रश्न विदर्भात दीडशे वर्षांच्या निरीक्षणांतून हळूहळू सुटत गेला आहे आणि त्याचा काही भाग अजून उघडा आहे. त्याचा आढावा घेणे मला महत्त्वाचे वाटते. खडकाला आपण काय म्हणतो, यावर बोअर कुठे घ्यायचा हे ठरते.

स्कार्न तयार होते ते असे. जमिनीखाली काही किलोमीटरवर ग्रॅनाइटचा तप्त रस चुनखडीत घुसतो. पहिल्या टप्प्यात फक्त उष्णतेचे काम चालते. चुनखडीतले कॅल्साइट आणि तिच्यात मिसळलेली वाळू यांची प्रक्रिया होऊन वोलॅस्टोनाइट बनते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उथळ खोलीवर याला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. या बदलात घन खडकाचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. जो खडक आतापर्यंत घट्ट होता, त्यात फटी आणि पोकळ्या पडतात. दुसरा टप्पा इथूनच सुरू होतो. ग्रॅनाइट थंड होताना त्यातून सुटलेले खारे, धातूंनी भरलेले गरम पाणी या फटींतून चुनखडीत शिरते. ग्रॅनाइटकडून सिलिका, लोह, तांबे, टंगस्टन येते, चुनखडी आपले कॅल्शियम देते आणि त्यांतून गार्नेट व पायरॉक्सीनचे दाट खडक बनतात. पुढे तापमान उतरते, पाण्याचे प्रमाण वाढते आणि तेव्हा बऱ्याच साठ्यांत प्रत्यक्ष धातुके बसतात. म्हणून स्कार्नला ठरलेली रचना असते. ग्रॅनाइटच्या जवळ गार्नेट जास्त, थोडे लांब पायरॉक्सीन, आणि संगमरवराच्या कडेला वोलॅस्टोनाइट. शोधकाला ही रचना वाचता आली तर ग्रॅनाइट कुठल्या दिशेला आहे, हे तो उघड्या खडकावरूनच सांगू शकतो.

स्कार्न ही संज्ञा स्वीडनच्या जुन्या लोहखाणींतल्या कामगारांकडून शास्त्रात आली. आज जगातले लोह, तांबे, सोने, जस्त आणि विशेषतः टंगस्टन यांचे अनेक मोठे साठे या वर्गात मोडतात. त्यांच्या शोधाच्या कथांत न्यू गिनीतल्या एर्ट्सबर्गची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. 1936 मध्ये झाँ जाक डोझी हा डच भूशास्त्रज्ञ तिथल्या बर्फाळ शिखरांच्या मोहिमेवर गेला असताना त्याला उंच कुरणात उभा असलेला धातूचा काळा कडा दिसला. 1939 मध्ये त्याचा अहवाल छापला गेला, मग महायुद्ध झाले आणि अहवाल पडून राहिला. 1960 मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ फोर्ब्स विल्सनने तिथवर पायपीट करून नमुने आणले आणि सत्तरच्या दशकात खाण सुरू झाली. तो कडा म्हणजे चुनखडी आणि अग्निजन्य खडकाच्या संपर्कावर उभे राहिलेले तांब्या-सोन्याचे स्कार्न होते. हे एकदा कळल्यावर पुढचा शोध त्या संपर्कालाच धरून खाली आणि बाजूला गेला, आणि 1988 मध्ये जवळच ग्रासबर्गचा महाप्रचंड साठा हाती आला. पहिला कडा नशिबाने सापडला असेल, पण पुढचे साठे खडकाचे बरोबर वाचन केल्यामुळे सापडले.

धनजचा वाचक इथे एक रास्त शंका काढेल. आमच्याकडे तर लाव्हाच लाव्हा आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा-डोंगरगावच्या बाजूला या लाव्हाच्या वयाच्या आसपासचे चुनखडीयुक्त लमेटा थरही आहेत. मग लाव्हा आणि चुना एकत्र आल्यावर तिथे स्कार्न का झाले नाही? कारण जमिनीवर पसरलेला लाव्हा आपली उष्णता मुख्यतः आकाशाकडे सोडतो. खालच्या थराचा वरचा पातळ भाग भाजतो आणि तेवढ्यावर थांबते. स्कार्नला खोलवरचा दाब लागतो, हजारो वर्षे टिकणारी उष्णता लागते आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे धातू वाहून आणणारे पाणी लागते. दख्खनच्या लाव्हाकडे यातले काही नव्हते. या पाषाणात तसले स्कार्न शोधण्यात वेळ घालवू नये, असे मी नि:शंकपणे म्हणतो. त्याच्या खाली काय आहे, हा प्रश्न मात्र वेगळा, आणि त्याकडे पुढे येऊ.

पूर्व विदर्भातल्या, रामटेक-तुमसरकडच्या त्या जुन्या खडकांच्या पट्ट्याला सौसर समूह म्हणतात. नागपूर, छिंदवाडा, भंडारा, बालाघाट असा कमानीसारखा वळलेला हा पट्टा 200 किलोमीटरहून लांब आहे. त्याच्या नेमक्या वयाविषयी अजून वाद आहेत, पण ते अब्ज वर्षांच्या हिशेबात मोजावे लागते यावर सगळ्यांचे एकमत आहे. नागपूर परिसराच्या भूशास्त्राची पायाभरणी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी केली. मिशनरी म्हणून आलेल्या या माणसाने सहकारी हंटर यांच्याबरोबर 1855 मध्ये नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म यांवर लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. मँगनीजच्या बाबतीत महत्त्वाचा कागद 1879 चा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट यांनी त्या वर्षी नागपूरजवळच्या ब्राउनाइट या मँगनीजच्या धातुकावर छोटी टीप छापली आणि त्याच्यासोबत ऱ्होडोनाइट असल्याची नोंद केली. म्हणजे धातुक आणि सिलिकेट खनिज यांची जोडी, जिच्यामुळे स्कार्नचा संशय यावा, ती खाणी सुरू होण्याच्या वीस वर्षे आधीच कागदावर आली होती.

खाणकामाला वेग आला तो 1900 च्या सुमारास, नागपूर जिल्ह्यात. 1896 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने मनसर-कांद्रीच्या बाजूला काम उभारले. 1905 च्या रशियातल्या उलथापालथीत जॉर्जियातल्या चियातुराचा पुरवठा विस्कळीत झाला आणि युरोपच्या पोलाद गिरण्यांना मध्य प्रांताचा माल हवा झाला. त्या दिवसांत शोधाची पद्धत साधी होती. टेकडीच्या माथ्यावर काळा दगड दिसला की तिथे खणायचे. तो दगड तिथे कसा आला, याची फिकीर करण्याची गरज कोणाला वाटत नव्हती, कारण वरचाच माल अजून संपला नव्हता.

ती फिकीर लुईस लेई फर्मोर यांनी केली. 1880 मध्ये जन्मलेले फर्मोर 1902 मध्ये सर्वेक्षणात रुजू झाले आणि लवकरच मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या मागे लागले. 1909 मध्ये त्यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो बाराशेहून अधिक पानांचा आहे आणि आजही त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रवासलेखक पॅट्रिक लेई फर्मोर यांचे हे वडील, आणि 1935 मध्ये सुरू झालेल्या, आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले अध्यक्ष.

मध्य प्रांतातल्या स्पेसार्टीन गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला फर्मोर यांनी गोंडाइट असे नाव दिले आणि त्याच्या उगमाचा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे होते की हा खडक ग्रॅनाइटने आणलेला नाही. प्राचीन समुद्राच्या तळावर मँगनीजचा गाळ वाळू आणि चिकणमातीबरोबर बसला. पुढे तो संपूर्ण पट्टा जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला, दुमडला, आणि गाळातले मँगनीज, ॲल्युमिनियम, सिलिका एकत्र येऊन जागच्या जागी गार्नेट बनले. जिथे गाळात चिकणमाती कमी आणि मँगनीज जास्त होते तिथे ब्राउनाइटसारखी धातुके राहिली. बाहेरून काही आले नाही, जे होते त्याचीच मांडणी बदलली. स्कार्नच्या कल्पनेपासून हा सिद्धांत इथेच वेगळा होतो.

पुरावे कोणते? सौसरमध्ये गोंडाइटचे पट्टे ग्रॅनाइटकडे तोंड करून उभे नाहीत, ते थरांना समांतर धावतात. क्वार्टझाइट दुमडला की गोंडाइट आणि धातुकही त्याच्याबरोबर दुमडते. एकाच थराचा एका खाणीपासून दुसऱ्या खाणीपर्यंत माग काढता येतो, मधे ग्रॅनाइट असो वा नसो. गार्नेट-पायरॉक्सीन-वोलॅस्टोनाइट अशी संपर्कापासून लांब जाणारी रचना तिथे दिसत नाही. शिवाय गार्नेटची जातही वेगळी आहे. नेहमीच्या स्कार्नमधले गार्नेट कॅल्शियमयुक्त असते, चुनखडीचा वारसा सांगणारे. गोंडाइटमधले स्पेसार्टीन मँगनीज आणि ॲल्युमिनियमचे, म्हणजे मँगनीजच्या गाळाचा आणि चिकणमातीचा वारसा सांगणारे. संगमरवर शेजारी आहे म्हणून स्कार्न म्हणायचे, हा निष्कर्ष शेजारावरून घराण्याचा अंदाज बांधण्यासारखा आहे.

तरीही ग्रॅनाइटचा हात अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. रामटेक तालुक्यातल्या काचूरवाहीला पेग्मटाइटच्या शिरा मँगनीजच्या थरात घुसल्या आहेत आणि तिथे खरी देवाणघेवाण झाली आहे. तिथूनच फर्मोर यांनी ब्लॅनफोर्डाइट हे गुलाबी-निळ्या रंगछटा दाखवणारे सोडियम-मँगनीजयुक्त पायरॉक्सीन वर्णिले. पेग्मटाइटने सोडियम आणले, धातुकाने मँगनीज दिले. बेलडोंगरीचे व्रेडेनबर्गाइट याच काळात शास्त्रात दाखल झाले, पण ते एकच खनिज नसून जेकबसाइट आणि हॉसमनाइट यांची आंतरवाढ आहे, असे पुढे सिद्ध झाले. 1938 मध्ये डन आणि रॉय यांनी तिरोडीच्या अँफिबोलला तिरोडाइट म्हटले आणि 1956 मध्ये बिलग्रामी यांनी भंडाऱ्याच्या चिखला खाणीतल्या मँगनीज सिलिकेटांवर लंडनच्या खनिजशास्त्रीय नियतकालिकात लिहिले. सगळ्या जगातले खनिजप्रेमी ज्यांचे नमुने जपतात ती गावे रामटेक-तुमसरच्या एसटीच्या पाट्यांवर आहेत. विदर्भात कोणी स्कार्नजवळचे काही दाखवायला सांगितले तर मी काचूरवाहीसारख्या या छोट्या संपर्कांकडेच बोट दाखवीन. ते स्थानिक आहेत, लहान आहेत, आणि मोठ्या मँगनीज साठ्यांचे कारण ते नाहीत.

फर्मोर यांचा एक निष्कर्ष टिकला नाही, हेही सांगायला हवे. आंध्रच्या किनाऱ्याकडच्या कोडुराइट या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी अग्निजन्य मानले होते. पुढे जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय आणि इतरांनी दाखवले की तिथेही मूळ गाळच होता आणि ग्रॅनाइट-पेग्मटाइटच्या रसात तो मिसळून तो खडक झाला. रॉय यांचा 1966 चा भारतातल्या थरांसोबतच बनलेल्या मँगनीज रचनांवरचा ग्रंथ हा या वादातला निर्णायक टप्पा. सौसरमधला मूळ गाळ मुख्यतः ऑक्साइडचा होता आणि रूपांतराच्या काळातही तिथे ऑक्सिजन मुबलक राहिला, म्हणून कार्बोनेटऐवजी ब्राउनाइट, हॉलंडाइट, हेमॅटाइट अशी खनिजे टिकली, हे त्यांचे विवेचन मला आजवरच्या सर्व मांडण्यांत सर्वाधिक पटते.

खनिजांचा उगम ठरला तरी थरांचा क्रम लावणे बाकी होते, आणि खाणीसाठी तेच खरे काम. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापार भागात बारकाईने नकाशे काढले आणि 1936 मध्ये मांडले की इथे खडकांच्या प्रचंड चादरी एकमेकींवर सरकल्या आहेत. आल्प्स पर्वतात दिसणारी रचना नागपूर जिल्ह्यात आहे, ही त्या काळी धक्का देणारी गोष्ट होती. पुढे सर्वेक्षणाचे संचालक झालेले वेस्ट निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात गेले आणि त्यांनी तिथे भूशास्त्र विभाग उभा केला. पन्नासच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्ट्राचेक यांनी मिळून संपूर्ण पट्ट्याचे काम हाती घेतले. 1956 च्या मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत त्याचा पहिला वृत्तान्त गेला आणि 1963 मध्ये नारायणस्वामी व सहकाऱ्यांचा सविस्तर ग्रंथ आला. त्यातली मध्यवर्ती गोष्ट अशी की धातुक मुख्यतः मनसर नावाच्या रचनेत ठराविक तीन पातळ्यांवर येते. खाली लोहांगीचे संगमरवर आणि चुनायुक्त खडक, वर चोरबावलीचा क्वार्टझाइट, मधे मनसरचे अभ्रकशिस्ट, आणि त्यात हे धातूचे थर.

इथे प्रश्नाचे व्यावहारिक मोल दिसते. स्कार्न समजून चालले असते तर शोधपथके ग्रॅनाइटच्या कडेकडेने फिरली असती. थर समजल्यावर दुमड मोजून तो जमिनीखाली कुठे जाईल याचा अंदाज बांधता आला आणि बोअर तिथे घेतले गेले. वरचा माल संपल्यावर कांद्री, मनसर, गुमगाव, चिखला आणि बालाघाटच्या खाणी जमिनीखाली खोल जाऊ शकल्या त्या याच समजुतीच्या बळावर. 1962 मध्ये ब्रिटिश कंपनीबरोबरच्या करारातून मॉइल ही मँगनीज खाणकंपनी अस्तित्वात आली, 1977 मध्ये त्या ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारकडे आला, आणि आज देशातल्या मँगनीजचा मोठा वाटा मॉइलच्याच खाणींतून येतो. भंडाऱ्याची डोंगरी बुजुर्ग उघडी खाण तर बॅटरीला लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडसाठी नावाजलेली आहे.

मँगनीजचा निकाल लागला, टंगस्टनचा नाही. जगभर टंगस्टनचे शीलाइट हे धातुक स्कार्नचे खास खनिज मानले जाते. ऑस्ट्रेलियातल्या किंग आयलंडवर 1911 मध्ये सापडलेला साठा त्याचे ठळक उदाहरण. नागपूर जिल्ह्यात कुहीजवळच्या आगरगावच्या वोल्फ्राम या टंगस्टनच्या धातुकावर फर्मोर यांनीच 1908 मध्ये टीप लिहिली होती. पुढे कुही-खोबना हा पट्टा सर्वेक्षणाने तपासला. इथले खडक सौसरचे नाहीत, साकोली समूहाचे आहेत, आणि टंगस्टन मुख्यतः गारगोटीच्या शिरांत व टुर्मलीनयुक्त शिस्टमध्ये आहे. त्यामुळे त्यालाही सरळ स्कार्न म्हणणे चूक. पण टंगस्टन आहे म्हणजे ते वाहून आणणारे पाणी या प्रदेशात कधी काळी फिरत होते, आणि उत्तरेला काही अंतरावर सौसरच्या लोहांगी व बिछुआ रचनांचे संगमरवर पसरले आहेत. अशा पाण्याची आणि अशा संगमरवराची कुठे गाठ पडली का, हा विदर्भातल्या स्कार्नच्या प्रश्नाचा उघडा राहिलेला भाग आहे. बिछुआच्या डोलोमाइटी संगमरवरात डायॉप्साइड, ट्रेमोलाइट भरपूर आहेत, पण ती प्रादेशिक रूपांतराने आपल्याच द्रव्यातून बनलेली असू शकतात. एकट्या खनिजांवरून निकाल देता येत नाही. जागा, रचना आणि द्रव्याचा हिशेब, तिन्ही पाहावे लागतात.

आणि काळ्या पाषाणाखाली? किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये सुमारे 338 मीटर बेसाल्टनंतर जुना स्फटिकी खडक लागला. कोयनेला रासातीजवळ तो 933 मीटरवर मिळाला. नागपूरजवळ सौसर आणि साकोलीचे खडक पश्चिमेकडे जाताना लाव्हाखाली शिरताना दिसतात, संपताना नव्हे. विदर्भाच्या पश्चिम जिल्ह्यांत ते किती दूरवर जातात, हे गुरुत्व आणि चुंबकीय मोजमापांनी आणि खोल बोअरनीच ठरेल. खर्च मोठा आहे आणि लगेच खाण निघेल अशी आशा कोणी दाखवू नये. पण वाशिमसारख्या जिल्ह्याच्या नकाशावर एकच रंग भरून विषय संपवणे मला मान्य नाही.

2023 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टंगस्टन आहे, मँगनीज नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सर्वांसाठी खुले झाले. भारतीय खाण ब्यूरो, एमईसीएल ही सरकारी खनिज अन्वेषण कंपनी, सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्र कार्यालय आणि मॉइल ही चारही कार्यालये नागपुरात आहेत. एवढी सोय देशातल्या फार थोड्या शहरांना लाभली आहे. म्हणून माझी मागणी छोटी आहे. सौसर पट्ट्यातल्या जुन्या बोअरचे जे कोअर शिल्लक आहेत ते मँगनीजसाठी नव्हे, तर संगमरवर आणि पेग्मटाइट यांच्या संपर्कांसाठी पुन्हा एकदा तपासावेत. शीलाइट लघुलहरी अतिनील दिव्याखाली निळसर पांढरे चमकते, तेव्हा त्यासाठी महाग यंत्रणा लागत नाही. एक अंधारी खोली, एक दिवा आणि खडक ओळखणारे विद्यार्थी पुरेत. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी हे काम या सरकारी कार्यालयांकडे मागून घ्यावे, आणि त्यात कारंजा, मंगरूळपीर, मानोऱ्याची मुलेही असावीत.